घरी बंद, दुकानात चालू

जिना संपतो तिथली खोली ताईची. एक टेबल, दोन स्क्रीन, पाठ दुखवणारी एक खुर्ची आणि टेबलाखाली उभं काळं मशीन, एका बाजूला काचेचं झाकण. दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास जिन्यात घ्यावा, एवढीशी खोली. पण दार लावलं की आतलं सगळं तिचं. बरीच वर्षं तिने दुसऱ्याच्या ऑफिसात दुसऱ्याच्या घड्याळाकडे बघत काम केलं होतं. राजीनामा दिला तेव्हा साहेब गोड हसून म्हणाले होते, "दमलात की या परत. जागा आहे." त्या हसण्यावर ती अजून दातओठ खाते.

काम असं, की आर्किटेक्ट लोक कागदावर इमारत आडवी काढतात. ताई त्या आडव्या रेघा उभ्या करते. भिंतींना रंग देते, खिडकीतून ऊन सोडते आणि बघणाऱ्याला हाताला धरून आत फिरवून आणते. जी इमारत अजून बांधलीच नाही तिच्यातून माणूस चालून येतो आणि वर म्हणतो, छान आहे हो, हवा खेळती आहे. अशी फिल्म.

मशीन टर्बोने बांधलं. टर्बो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चालायच्या आधी पळायला लागला म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव, ते पुढे दुकानाच्या पाटीवरच गेलं. कॉम्प्युटरचं दुकान. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्या वर तो चढवायचा. थोडा वेग, त्याला पेलेल एवढं थोडं व्होल्टेज, पुन्हा थोडा वेग. ओव्हरक्लॉकिंग. टर्बोच्या भाषेत, "बैल तोच, फक्त शेपटी जरा पिरगाळायची."

ताईच्या बैलाची शेपटी पिरगाळायचं कारण शनिवार. शनिवारी एका वाचनालयाची फिल्म कमिटीपुढे दाखवायची होती. आर्किटेक्ट बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "जमलं तर पुढचं वर्षभर माझं सगळं काम तुमच्याकडे. नाही जमलं तर मला थांबता येणार नाही, आधीच सांगते." वर्षभराचं काम म्हणजे वर्षभर ही खोली. नाहीतर साहेबांचं ते गोड हसू.

फिल्म निघायला लागली. एकेक चित्र तयार होत होतं. वाचनालयाचं दार उघडलं, नजर आत शिरली, पायऱ्या चढली, पुस्तकांच्या पहिल्या रांगेपाशी वळली आणि

पुन्हा.

मशीन आपोआप बंद पडून आपोआप सुरू झालं, तर गोष्टही पहिल्यापासून घेऊ. टर्बोचा नियम आहे: बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि कशाने मेलं तेही. तर खोली तीच, ताई तीच, वाचनालय तेच. बदलू फक्त वीज.

विजेवर संशय घेण्यात एक सोय आहे, ती रागावत नाही. ताईने झोपायच्या खोलीतल्या सॉकेटमधून लांब वायर ओढली. आत नवरा झोपला होता. तो छापखान्यात रात्रपाळीला असतो. सकाळी येतो, दुपारपर्यंत झोपतो. वायर त्याच्या चपलांवरून, उंबऱ्यावरून, सासूबाईंच्या पायात.

"हे काय आता? मला पाडायचा बेत आहे का?"

"आई, वीज तपासतेय."

"तपास, तपास. माझं हाड मोडलं की तेही तपास."

मशीन सुरू. दार, पायऱ्या, पहिली रांग, दुसरी रांग. ताईने श्वास सोडला. तिसऱ्या रांगेशी खिडकीतलं ऊन जमिनीवर इतकं खरं पडलं होतं की तिला वाटलं पाय भाजती

पुन्हा. बदलू उष्णता.

आता खिडकी उघडी, काचेचं झाकण काढलेलं, टेबलफॅन मशीनच्या उघड्या पोटावर रोखलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे. प्रोसेसरच्या पोटात आठ कोअर, म्हणजे एका छपराखाली आठ कामकरी, प्रत्येकाचा ताप वेगळा दिसतो. सात जण नुसते घामेजले होते. चौथा उकळत होता.

तिने टर्बोला फोन लावला.

"चौथाच का रे तापतो?"

पलीकडे जरा थांबणं झालं. टर्बो बोलताना थांबत नसतो.

"असतो एखादा तसा," तो म्हणाला. "आठ भावंडांत एक तापट निघतोच. वेग थोडा खाली घे."

तिने वेग खाली घेतला. मशीन पुढे गेलं, पाचव्या रांगेपर्यंत, आणि बंद. मग तिने इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं म्हणून व्होल्टेज वर घेतलं. मशीन दारातच कोसळलं, निळी स्क्रीन, खाली माफी मागणारं एक वाक्य.

"व्होल्टेजला हात लावलास?" टर्बो ओरडला. "ताप आलेल्या माणसाला गोधडी घालतेस? आधीच कमी उकळतंय का!"

"मग करू काय?"

"वेग पार मूळ जागी आण. चालेल."

"चालेल रे, पण शनिवारची फिल्म मंगळवारी निघेल."

पुन्हा थांबणं.

"मग दुकानात आण," टर्बो म्हणाला.

दुकानात.

टर्बोने मशीन स्वतः उचलून नेलं, लेकरासारखं दोन्ही हातांवर आडवं. कामाच्या बाकावर तसंच ठेवलं, झाकण काढलं, वायरी जोडल्या. ताईने फिल्म सुरू केली आणि हाताची घडी घालून उभी राहिली, चोर पकडायला आल्यासारखी.

पहिली रांग. पाचवी. वाचायची मोठी खोली, जिना, मुलांचा कोपरा. टर्बो गिऱ्हाइकांशी बोलत होता, स्क्रू शोधत होता, शिट्टी वाजवत होता. मशीन थांबेना. चौथा कोअरसुद्धा इतरांच्या पंगतीत निमूट बसला होता.

"बघ," टर्बो म्हणाला. "माझ्याकडे कसं शहाण्यासारखं वागतं."

"घरी का नाही वागत?"

"घरची हवा. तुमच्याकडे सगळेच तापट." मग दात काढून, "ये ना, तुला एक गंमत दाखवतो."

दुकानाच्या मागे एक खोली होती. ताईला ती खोक्यांनी भरलेली आठवत होती. खोकी गेली होती. भिंती पांढऱ्या, खिडकीखाली टेबल, आणि टेबल बरोबर दोन स्क्रीन मावतील एवढंच.

"इथे बस तू. मशीन इथंच राहील, बिघडलं तर मी हाकेवर. गिऱ्हाईक मी आणीन, फिल्म तू कर. पाटीवर तुझंही नाव टाकू."

"खाली की वर?"

"काय?"

"माझं नाव. तुझ्या खाली की वर?"

टर्बो नुसता हसला. ताई खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिली. बाहेर काही नव्हतं, एक भिंत आणि तिला टेकलेली सायकल. ती नाकाने श्वास घेत होती. खोलीला रंगाचा वास येत नव्हता. म्हणजे रंग ताजा नव्हता. म्हणजे रंग तिचं मशीन बिघडायच्या आधीचा होता.

"विचार करते," ती म्हणाली, आणि निम्मीच झालेली फिल्म थांबवून मशीन घरी घेऊन आली. एकदा तिथे बसली की बसली, हे तिला कळत होतं. आज फिल्मपुरतं, उद्या पुढच्या कामापुरतं, मग डबा घेऊन रोज. साहेब बदलायचा, एवढंच. आणि नवा साहेब तिने अंगाखांद्यावर खेळवलेला.

घरी मशीन टेबलाखाली उभं केलं. सुरू केलं. ते पहिल्या पायरीवर

पुन्हा!

या वेळी बदलू माणूस.

संशयाला पाय फुटायला फार लागत नाही, एक कोरडी भिंत पुरते. ताई खुर्चीत बसून हिशेब जुळवायला लागली. मशीन बांधलं कुणी? टर्बोने. वेग चढवला कुणी? टर्बोने. चौथ्या कोअरचं विचारलं तेव्हा थांबला कोण? दुकानात नेलं की बरं होतं, घरी आणलं की मरतं, म्हणजे दुकानात काहीतरी काढलं आणि निघताना परत घातलं. काय, ते तिला सांगता येत नव्हतं, पण ते तर जास्तच वाईट. जे कळत नाही तिथेच लबाडी लपते.

आणि किरकिर. सुरुवातीला मशीन चालताना बारीक किरकिरायचं, दाताखाली खडा आल्यासारखं. मग एक दिवस आवाज गेला. ताई फोनवर म्हणाली होती, "टर्बो, किरकिर गेली बरं का!" आणि तो म्हणाला होता, "टर्बो म्हणतात मला." म्हणजे त्याने मशीन उघडलं होतं. तिला न विचारता. आणि बंद पडायला लागलं ते त्यानंतरच.

तिने आपल्या डोक्याचा एक लांब केस उपटला आणि काचेच्या झाकणावर आडवा चिकटवला, दोन्ही टोकांना थेंबभर डिंक. झाकण उघडलं तर तुटेल. मग बाजारात जाऊन आली, एक रात्र जाऊ दिली, सकाळी खाली स्वयंपाकघरात रेंगाळली, आणि वर गेली.

केस तुटला होता.

"आई, काल मी नसताना कोण आलं होतं?"

"तुझा भाऊ येऊन गेला. पाणी प्यायला, बस."

"वर गेला होता?"

"मी काय जिन्यावर पहारा देते? खालच्या मोरीत हात धुतले असतील, वर धुतले असतील."

"आई, नीट आठवा."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. नीट आठवायला सांगितलं की त्या चष्मा पुसतात आणि त्यांना काहीच आठवत नाही. "तू माझ्यावरच डोळे का वटारतेस गं?" त्या म्हणाल्या. "आजकाल तू सगळ्यांकडेच असं बघतेस. परवा भाजीवाल्याकडेसुद्धा."

टर्बो त्याच दुपारी आला, बोलावल्यावरून. शनिवारला आता मध्ये फक्त शुक्रवार उरला होता. तो चपला काढून, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून, घाम पुसत आत आला आणि खाली बसून मशीनकडे हात नेला.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली.

"मग बोलावलंस कशाला? आरती ओवाळायला?"

"काल वर आला होतास?"

"कुठे वर?"

"इथे. या खोलीत. झाकण उघडलंस."

"नाही बाई."

"केस तुटलाय."

"कसला केस?"

तिने सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते वेड्यासारखं वाटलं, पण थांबता येईना. टर्बो जमिनीवर बसूनच ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू लहानपणीचा व्हायला लागला, मार बसायच्या आधीचा.

"माझ्यावर पहारा ठेवलास? डिंक लावून?"

"किरकिर तू घालवलीस ना? स्वतःच्या तोंडाने म्हणालास. म्हणजे मला न विचारता उघडलं होतंस."

टर्बोने पुन्हा घाम पुसला.

"बोल ना."

"मी नव्हती घालवली."

"मग म्हणालास का?"

"तू शाबासकी देत होतीस, मी घेतली. फुकटची कोण सोडतं?"

"आणि ती मागची खोली? बिघाडाच्या आधी रंगवलेली?"

"रंगवली. आधीच रंगवली. तुला विचारायचं होतं, धीर होत नव्हता." तो उभा राहिला. खोली इतकी लहान, की उभं राहताना त्याला तिच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि घेऊन त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. "मी तुझं मशीन मुद्दाम पाडतोय, असं वाटतं तुला?"

ताई काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे हो, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

"ठीक आहे. तुझं मशीन, तुझी खोली," टर्बो म्हणाला, आणि जिना एकेक पायरीने उतरून गेला.

पुन्हा नाही. आता मशीन सुरू करायचाच धीर नव्हता, म्हणून गोष्टही तिथेच थांबून राहिली.

ताई बसली होती. भांडण जिंकलेल्या माणसाला जे रितेपण येतं ते आलं होतं. उद्या सकाळी मशीन उचलून दुकानात जायचं आणि मान खाली घालून फिल्म काढायची, किंवा आर्किटेक्ट बाईंना फोन करायचा. तिसरं काही नव्हतं. दुकानात चालतं. घरी नाही. तीच वायर, तीच स्क्रीन, तीच फिल्म. तिने डोळे मिटले आणि सवयीने दुकान डोक्यात उभं केलं, एखादी इमारत उभी करते तसं: दार, काउंटर, कामाचा बाक, बाकावर मशीन. फिरून बघितलं. वरून बघितलं. बाजूने बघितलं.

बाकावर मशीन आडवं होतं.

इथे उभं आहे.

हा फरक तिला दिसला नव्हता, आणि दिवसभर आडव्याचं उभं करणं हाच तिचा धंदा.

तिने मशीन टेबलाखालून ओढून जमिनीवर आडवं केलं, काच आभाळाकडे. सुरू केलं. फिल्म लावली. आठही आकडे एका ओळीत चढले आणि एका ओळीत थांबले. दार, पायऱ्या, रांगा. मग तिने एका हाताने मशीनचा वरचा काठ धरला आणि हळूहळू, झोपलेल्या माणसाला उठवून बसवावं तसं, ते उभं करायला लागली. सात आकडे जागच्या जागी. चौथा चढला. आणखी उभं केलं, आणखी चढला. परत आडवं केलं, उतरला.

ती मोठ्याने हसली. मग वायर काढली, झाकण काढलं आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला.

प्रोसेसरच्या उरावर त्याला गार ठेवणारा कूलर बसवलेला असतो: धातूच्या पात्यांची चवड, तिला बांधलेला पंखा, मुठीपेक्षा मोठा आणि हाताला जड. चार पायांवर. त्यातल्या एका पायाखाली काहीतरी पांढरं होतं. ताईने चिमट्याने ते ओढलं. घडी घातलेली कागदाची पट्टी. तेवढ्या जाडीने कूलर एका कोपऱ्यात उचलला गेला होता. आडवं असलं की स्वतःच्या वजनाने दबून बसायचा, उभं केलं की तिकडून सुटायचा, आणि त्या कोपऱ्याखालचा चौथा बिचारा एकटा भाजायचा.

तिने घडी उलगडली. कागदाच्या कडेला छोटे चौकोन छापलेले: निळा, गुलाबी, पिवळा, काळा. रंग नीट उतरतोय का ते बघायला छापखान्यात कागदाच्या कडेला छापतात, ते.

घरात छापखान्याचा माणूस एकच होता आणि तो भिंतीपलीकडे घोरत होता.

"अहो."

नवऱ्याने एक डोळा उघडला. तिच्या बोटांत पट्टी बघितली.

"काढलीस का ती?" तो म्हणाला. "आता वाजेल बघ परत."

"तुम्ही लावलीत?"

"मग कोण? एक पाय ढिला होता, पंखा फिरला की किरकिर. इथे भिंतीपलीकडे माझं डोकं, मला झोप नाही. आमच्याकडे काही वाजलं की खालून कागद सारतात. घराएवढी मशिनं आमची कागदावर उभी आहेत." तो उठून बसला. त्याच्या आवाजात अभिमान होता आणि तो लपवायचं त्याला काही कारण नव्हतं. "एका घडीत गप्प बसलं की नाही?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू टर्बोला फोनवर शाबासकी देत होतीस. म्हटलं, होऊ दे त्याचं नाव."

"तुम्ही कधीपासून त्याचं नाव व्हावं म्हणून झटायला लागलात?"

नवरा डोकं खाजवायला लागला.

"आणि काल झाकण कुणी उघडलं?"

"आज सकाळी. रोजच उघडतो. आल्यावर जरा पुसून घेतो, धूळ बसते. मशीन म्हटलं की पुसावंच लागतं."

"रोज?"

"रोज."

रोज सकाळी, ती खाली स्वयंपाकघरात असताना, हा माणूस तिच्या खोलीत जाऊन तिचं मशीन उघडत होता. आणि इतके दिवस घरात आरडाओरडा चाललेला, वायरी पायात येतायत, मशीन पडतंय, भाऊ येतोय, जातोय. एकदाही त्याच्या मनात ती पट्टी आली नाही? ताईने त्याच्याकडे निरखून बघितलं. राजीनाम्याच्या दिवशी हाच म्हणाला होता, "बघ हं, जपून." तेव्हा तिला ती काळजी वाटली होती.

"असं काय बघतेस?" नवरा म्हणाला.

"काही नाही. टर्बोला फोन लावा. माझा उचलत नाहीये."

टर्बोने भावोजींचा फोन उचलला. ताईला पलीकडचं ऐकू येत होतं.

"बोला भावोजी. काय, तुम्हीही माझ्यासाठी केस चिकटवलात का?"

"अरे, कूलरखाली पट्टी मी लावली होती."

"कसली पट्टी?"

"कागदाची. किरकिर जावी म्हणून. पायाखाली."

पलीकडून एक विचित्र आवाज आला, कुणाला ठसका लागल्यासारखा.

"भावोजी," टर्बो म्हणाला, "पाचर मारलीत की हो!" आणि तो इतका हसला की नवऱ्याने फोन कानापासून लांब धरला. मग हसू अर्ध्यातच संपलं. "ताई तिथेच आहे का?"

"आहे."

"तिला म्हणावं, हात लावू नकोस. येतो."

तो आला तेव्हा हातात कूलर बसवताना लावायच्या मलमाची ट्यूब होती. ताईकडे बघितलं नाही. कूलर काढला, उलटा केला. जुनं मलम एका बाजूला पातळ पसरलं होतं, दुसऱ्या बाजूला ढेकळासारखं सुकलेलं. तिथे धातू धातूला टेकलाच नव्हता. टर्बोने ते फडक्याने पुसलं, ढिला पाय घट्ट केला, नवीन मलम लावलं, कूलर बसवला आणि स्क्रू आवळायला घेतले, एक थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा.

"मी धरू का?" दारातून नवरा म्हणाला.

"तुम्ही तिथेच बरे आहात, भावोजी. हात खिशात ठेवा."

ताई टर्बोच्या बोटांकडे बघत होती. मग तिने विचारलं, अगदी हळू, भावाला नाही तर स्क्रूंना विचारावं तसं:

"दुकानात एकदा उभं करून का नाही बघितलंस?"

स्क्रूड्रायव्हर थांबला.

"आठात एकच तापतो म्हणजे बसवण्यात खोट असते. हे मला माहीत नव्हतं, तुला माहीत असायला हवं."

"माहीत होतं," टर्बो म्हणाला. "तू फोनवर म्हणालीस तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, मीच वाकडा बसवला. म्हटलं दुकानात आण, गुपचूप उघडून नीट करीन, तुला कळायचंही नाही. पण बाकावर ते चालायलाच लागलं. आणि तू त्या खिडकीत उभी राहिलीस." त्याने स्क्रू एक वेढा फिरवला. "कशी उभी होतीस माहितेय? तिथलीच असल्यासारखी. म्हटलं, राहू दे. एक-दोन दिवस."

"शनिवार ठाऊक होता तुला."

"शनिवारी दुकानातून निघाली असती की फिल्म. माझ्याकडे आली असतीस, एवढंच."

"एवढंच," ताई म्हणाली.

दारात नवरा खिशात हात घालून उभा होता. टर्बो जमिनीवर बसला होता. कुणाला कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं, म्हणून तिघेही मशीनकडे बघत राहिले. सासूबाई खालून ओरडल्या, "झालं का भांडून? मी झोपू का?"

मशीन उभं केलं. सुरू केलं. वेग टर्बोने ठरवला होता तोच. आकडे चढले. सात आणि चौथा, आठही जण एका रांगेत. वाचनालयाचं दार उघडलं. पायऱ्या. पहिली रांग, पाचवी रांग, मोठी खोली, जिना. टर्बो काचेचं झाकण उचलून लावायला गेला.

"ठेव ते. मी लावते," ताई म्हणाली. "स्क्रूड्रायव्हरही ठेव. आणि मलम."

टर्बोने तिन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या आणि पँटला हात पुसले.

फिल्म शुक्रवारभर निघत राहिली. मधे एकदाही वाक्य तुटलं नाही. ताई जेवायला खाली गेली नाही, खोलीबाहेरही फारशी गेली नाही. शनिवारी सकाळी तिने फिल्म पाठवली. दुपारी आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. कमिटीतले एक आजोबा म्हणे मुलांच्या कोपऱ्यापाशी फिल्म थांबवून विचारत होते, ही बाकं फार उंच नाहीत ना? "पुढचे नकाशे सोमवारी पाठवते," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याच पत्त्यावर ना?"

"हो," ताई म्हणाली. "इथेच."

संध्याकाळी टर्बोचा फोन.

"गेली फिल्म?"

"गेली."

"जमली?"

"जमली."

तो थांबला. आता त्याचं थांबणं तिला वाचता येत होतं, आणि ते वाचता येणं तिला नको होतं.

"मग ती मागची खोली..."

"खोकी ठेव तिच्यात."

"ताई, मी मुद्दाम पाडलं नव्हतं गं."

"माहितेय. तू फक्त उभं केलं नाहीस." आणि मग, तो काही बोलायच्या आत, "रविवारी जेवायला ये. भावोजींना सुट्टी आहे."

रविवारी तो आला, भावोजींची टिंगल करून गेला, वर मात्र गेला नाही. हात खालच्या मोरीत धुतले.

सोमवारी नकाशे आले. मंगळवारी सकाळी ताई स्वयंपाकघर अर्धवट टाकून लवकरच वर जाऊन बसली होती. दाराला आतून कडी. मशीन चालू होतं, पंख्याचा आवाज सरळ, सपाट. रात्रपाळीवरून आलेली पावलं जिना चढली, झोपायच्या खोलीकडे वळायला हवं होतं तिथे वळली नाहीत, आणि तिच्या दाराशी थांबली. दार थोडं हललं. कडी आहे हे कळल्यावर हलायचं थांबलं.

"अगं," नवरा बाहेरून म्हणाला, "जरा पुसून घेऊ का?"

ताईने काचेकडे बघितलं. आत पात्यांवर धुळीचा पातळ थर बसला होता.

"मी पुसलंय," ती म्हणाली.